करंजीला नाताळ कुठे भेटला?

पोर्तुगालच्या दक्षिणेला आलेंतेजू नावाचा प्रांत आहे. नाताळ जवळ आला की तिथे हरभरे भिजवून मऊ शिजवतात, वाटतात आणि साखर, लिंबाची साल, दालचिनी घालून आटवतात. पातळ लाटलेल्या पारीत हे सारण भरायचं, पारी अर्धगोल दुमडून कडा दाबायच्या, तळायचं आणि वर साखर भुरभुरायची. पदार्थाचं नाव अझेविया. लातूर-सोलापूरकडच्या माणसाला एवढं वर्णन ऐकलं की पुरे: हा तर तळलेला कडबू! डाळीऐवजी अख्खा हरभरा आणि गुळाऐवजी साखर, एवढाच काय तो फरक.

योगायोग म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण इटलीतल्या अब्रुत्सो प्रांतातही नाताळलाच हरभऱ्याच्या किंवा चेस्टनटच्या सारणाचा असाच पदार्थ तळतात आणि त्याचं नाव आहे काज्जोनेत्ती. तेलुगूत करंजीला म्हणतात कज्जिकायलू! नामसाम्यावर इमले बांधणाऱ्यांना याहून मोठं आमिष कोणतं? तरी इथे आवरलेलं बरं. इटालियन शब्दाचं नातं बहुधा काल्झोनेशी, म्हणजे विजारीशी आहे. तेलुगू शब्दातल्या ‘काय’चा अर्थ मात्र कच्चं फळ किंवा शेंग. कानडी करजिकायीतही तेच ‘कायी’ आहे.

आणि आपली करंजी? तिचं नाव करंजाच्या शेंगेवरून आलं, ही व्युत्पत्ती जुनी आहे. ती शेंग तळहातावर ठेवून पाहणारा तिच्याशी वाद घालत नाही. किनवटसारख्या तालुक्यात तर या नावांची सरमिसळ हाकेच्या अंतरावर आहे. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. तेलंगणाच्या सीमेच्या अलीकडे करंजी, पलीकडे गरिजेलू. पारी, सारण आणि तळणी मात्र एकच. आलेंतेजूच्या लोकांना हाच आकार शेंगेसारखा नाही, माशासारखा दिसला असावा, कारण अझेविया हे तिथल्या एका चपट्या माशाचंही नाव आहे.

मग मूळ कुणाचं? एक पक्ष अरबांकडे बोट दाखवतो. बगदादच्या १२२६ सालच्या पाकग्रंथात ‘संबूसज’ आहे. तो खिम्याचा असतोच, पण साखर-बदामाच्या गोड सारणाचाही असतो. हाच पदार्थ पूर्वेला दिल्लीत आला. मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारातल्या जेवणात इब्न बतूताने त्याची नोंद केली आहे. याच तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला, म्हणजे थेट मराठवाड्यात आणली. पश्चिमेला अरबांनीच स्पेन-पोर्तुगालात ऊस आणि साखर नेली. म्हणजे अझेविया आणि करंजी या एकाच आजीच्या नाती ठरतात.

कथा देखणी आहे, पण नावं तिला साथ देत नाहीत. समोशाने संबूसजचं नाव सांभाळलं. करंजी, कज्जिकायलू, गोव्याची नेवरी यांच्यात त्याचा मागमूस नाही. बाहेरून आलेला पदार्थ चार-पाच भाषांत एकाच वेळी नाव टाकून देतो, हे पटायला जड जातं. त्यातल्या त्यात सुसंगत तर्क हाच, की दुमडून तळायची रीत इथे आधीपासून होती आणि दोन टोकांना वाढलेल्या या पदार्थांची गाठ पुढे गोव्यात पडली.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. चवथीच्या दिवसांत हिंदू घरांत होणारी नेवरी तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळची झाली. बाटलेल्या कुटुंबांनी जुना पदार्थ नव्या सणाला नेला, हे नेहमीचं स्पष्टीकरण. खरंच आहे, पण अपुरं. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या हुकमात अंगणात तुळस लावायला आणि बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी होती. भातातल्या मिठावर नजर ठेवणाऱ्यांच्या राज्यात चवथीची नेवरी बिनबोभाट नाताळच्या ताटात कशी येऊन बसली? अझेवियाकडे पाहिलं की उत्तर सुचतं. पाद्र्यांच्या डोळ्यांना ती परकी वाटलीच नसावी. त्यांच्या घरी नाताळला हेच तळत. याला कागदोपत्री पुरावा नाही, पण त्याच ताटातले शेजारी साक्ष देतात. कुलकुल हा फिल्योस या तळलेल्या पोर्तुगीज पदार्थाचा गुंडाळलेला अवतार, पेराड ही पेरूची वडी, आणि दोस द ग्रांव म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि नारळ यांची वडी.

शेजाऱ्यांकडे पाठवायच्या या ताटाला गोव्यात कोन्सोआदा म्हणतात. पोर्तुगालात कोन्सोआदा म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण, आणि मुळात उपवासाच्या दिवशी घ्यायचा हलका आहार. मांस वर्ज्य, म्हणून तिथे आजही त्या रात्री खारवलेला कॉड मासा आणि बटाटे असतात. उपासाच्या फलाहाराचा दिवाळीचा फराळ आपल्याकडेही झालाच की!

अझेवियाच्या सिद्धांताला खरा धक्का बसतो तो घाटावर. अहमदनगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं, जालन्यात १८६०च्या दशकात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री आले आणि त्यांनी जवळच बेथेल वसवलं. इथे ना पोर्तुगीज, ना अझेविया. तरी मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंजी, चकली, शंकरपाळी असा साग्रसंगीत फराळ होतो. मग नेवरीला पाद्र्यांची ओळख लागली, या म्हणण्यात काय राहिलं?

राहतं ते असं. अहमदनगरचे मिशनरी बॉस्टनच्या संस्थेने पाठवलेले होते, आणि बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे तिथे १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तिथे नाताळला अधिकृत सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. स्कॉटलंडने तर १६४० मध्येच नाताळची सुट्टी रद्द केली होती; ती तिथे सर्वांना परत मिळाली १९५८ साली! बायबलात या सणाची आज्ञा नाही, म्हणून तो पाळायचा नाही, असं दोन्हीकडच्या चर्चपंथांचं म्हणणं. अशा परंपरेतल्या माणसांकडे नाताळचं ताट म्हणून द्यायला फारसं काही नव्हतंच. ते रिकामं ताट मराठी बायकांनी दिवाळीच्या डब्यांतून भरलं. गोव्यात करंजीला जोडीदार भेटला, जालन्यात तिला मोकळी जागा मिळाली.

दोन्ही वाटा एकत्र पाहायच्या तर वसईला जावं. १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे असलेल्या या मुलखातले कॅथलिक आजही मराठीच्या बोली बोलतात. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज गेले, नाताळ राहिला. तिथून मुंबईपर्यंतच्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या कॅथलिक घरांत डिसेंबरात कुलकुल फिरवायला काटे निघतात आणि त्याच ओट्यावर करंज्यांच्या कडा कातायला कातणंही.