नीतीचा आधार आणि ईश्वराचे अस्तित्व : मराठी-उर्दू सीमाप्रदेशातील एक वैचारिक परंपरा

आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरचा परिसर पैनगंगेच्या अलीकडे आहे. पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. येथील घरांत मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू अशा चारही भाषा कानी पडतात. महाविद्यालयाच्या एकाच वर्गात वारकरी घरातला, बौद्ध घरातला, आदिवासी घरातला आणि मुस्लिम घरातला विद्यार्थी शेजारी शेजारी बसतो. अशा वर्गात मूल्यशिक्षणाचा तास सुरू झाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. खोटे बोलणे, दुर्बलाला लुबाडणे, माणसाला अस्पृश्य मानणे हे सर्वांसाठी आणि सर्व काळी वाईट असेल, तर ते वाईट ठरवले कोणी? त्यामागे ईश्वर मानावाच लागतो काय? या प्रश्नाचा ऊहापोह सीमेच्या दोन्ही बाजूंनी, मराठीत आणि उर्दूत, फार गंभीरपणे झालेला आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

ईश्वरवाद्यांचा युक्तिवाद साधारणपणे असा असतो. राजाचा कायदा बदलतो, रूढी बदलते, पण काही कर्तव्ये कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसतात. असे सर्वांवर बंधनकारक असणारे विधान असेल तर त्याला विधाताही असला पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८८ च्या आपल्या ग्रंथात या विचाराला वेगळे वळण दिले. ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध होत नाही, मात्र नैतिक जीवनाला पूर्णता येण्यासाठी ते गृहीत धरावे लागते, असे त्याचे म्हणणे होते.

यावरील आक्षेप त्याहून पुष्कळ जुना आहे. एखादी गोष्ट ईश्वराने सांगितली म्हणून चांगली ठरते, की ती चांगली आहे म्हणून ईश्वराने सांगितली? ग्रीक परंपरेत प्लेटोने हा पेच मांडला. इस्लामी परंपरेत तो ‘हुस्न व कुब्ह’, म्हणजे चांगुलपण व वाईटपण, या नावाने ओळखला जातो. मुअतझिला पंथाच्या विचारवंतांच्या मते न्याय चांगला व जुलूम वाईट, हे बुद्धीलाच कळते. इमाम अशअरी (मृत्यू इ. स. ९३६) यांच्या अनुयायांनी ईश्वराची आज्ञा हाच चांगल्या-वाईटाचा निकष मानला, कारण ईश्वरावर बाहेरचे कोणतेही बंधन त्यांना मान्य नव्हते. समरकंदचे इमाम मातुरीदी (मृत्यू इ. स. ९४४) यांनी मधली वाट काढली. स्थूलमानाने सांगायचे तर त्यांच्या परंपरेत अनेक गोष्टींचे बरेवाईटपण बुद्धीला कळते, पण कर्तव्याचे बंधन आणि त्याचा हिशेब ईश्वराकडे असतो. भारतीय उपखंडातील हनफी मदरशांत हीच परंपरा प्रामुख्याने शिकवली जाते. ईश्वर न मानणारा माणूस सदाचारी असू शकतो, ही गोष्ट या दृष्टीने पाहिल्यास श्रद्धावानाला अडचणीची वाटण्याचे कारण उरत नाही.

पुण्यातील दोन टोके : फुले आणि आगरकर

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या प्रश्नाला सामाजिक धार आली. येथे नीतीची चर्चा जातिभेद, स्त्रियांची स्थिती आणि शिक्षण यांच्याशी जोडलेली होती.

जोतीराव फुले (१८२७-१८९०) ईश्वर मानीत. त्याला ते ‘निर्मीक’ म्हणत. लहानपणी त्यांची खंडित झालेली शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून वडिलांना पटवून देणाऱ्यांत उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना माहीत असेलच. १८७३ मध्ये फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ प्रसिद्ध झाले. निर्मीक एकच, म्हणून त्याने निर्माण केलेली सर्व माणसे समान व स्वतंत्र, असा त्यांच्या विचाराचा क्रम आहे. म्हणजे नीतीवरून ईश्वराकडे जाण्याऐवजी ते ईश्वरावरून मानवी हक्कांकडे येतात. याच पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. ग्रंथ वेगवेगळे असले तरी सत्यवर्तनाची कसोटी त्यांनी सर्वांना एकच लावली.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांनी दुसरी दिशा धरली. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. मतभेदांनंतर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. मिल व स्पेन्सर यांच्या वाचनाचा त्यांच्यावर खोल ठसा होता. देवाची कल्पना मानवी इतिहासात कशी उद्भवली, याची त्यांनी चिकित्सा केली. नीतीचा पाया त्यांनी मानवी हितात व बुद्धीत शोधला. श्रद्धा ढळली की समाज अनीतीला लागेल, असे त्यांचे विरोधक म्हणत. सनातन्यांनी तर जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. परंतु धनाची वाट सोडून शिक्षणकार्याला वाहून घेतलेले आणि १८९२ पासून अखेरपर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळणारे आगरकरांचे निःस्पृह जीवनच या आक्षेपाला उत्तर ठरले.

त्याच काळात १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजातील न्यायमूर्ती रानडे आदी मंडळी एकेश्वरवाद व सुधारणा यांची सांगड घालत होती. ईश्वराच्या प्रश्नावर रानडे आणि आगरकर यांचा मार्ग वेगळा होता. पण बालविवाह आणि विधवांचा छळ अन्याय्य आहे, याविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. बहुसंख्य समाजाने मान्यता दिली तरी अन्याय हा अन्यायच राहतो, ही भूमिका श्रद्धावान व अश्रद्ध सुधारकांत समान होती.

चांद्यापर्यंत आलेला प्रश्न

हा वाद पुढे आदिलाबादच्या अगदी शेजारी येऊन ठेपला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर येथेही दीक्षेचा मोठा सोहळा झाला. त्या वेळी आदिलाबाद हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत ते आंध्र प्रदेशात गेले.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. धम्मात ईश्वराला स्थान नाही. अन्य धर्मांत जी जागा ईश्वराची, ती येथे नीतीची, असे प्रतिपादन त्यात आहे. पण ते एवढ्यावर थांबत नाहीत. चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातीतही असते. मात्र ती आपल्या गटापुरतीच असते आणि बाहेरच्याला तिचा उपद्रव होतो. म्हणून नीती सर्वांसाठी एक आणि पवित्र असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. नीतीला वस्तुनिष्ठ मानणारा इतका ठाम विचार ईश्वराच्या आधाराशिवाय मांडला गेला, ही या परंपरेतील महत्त्वाची घटना आहे. अस्पृश्यतेला ईश्वराच्या नावाने मान्यता मिळालेली असताना ज्यांनी ती सोसली, त्यांना हा आधार का हवासा वाटला असेल, हे समजून घेणे ईश्वरवाद्याचेही कर्तव्य आहे.

हैदराबादेतील उर्दू चर्चा

सीमेच्या या बाजूला विद्येचे केंद्र हैदराबाद होते. मौलाना शिबली नोमानी १९०१ ते १९०५ या काळात तेथे होते आणि नव्या तत्त्वज्ञानाला उत्तर देणारे नवे इल्मे-कलाम घडवण्याचा प्रयत्न करत होते. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्यासाठी उभारलेल्या अनुवाद विभागात अब्दुल माजिद दर्याबादी (१८९२-१९७७) यांनी काही काळ काम केले. लेकी या इतिहासकाराच्या युरोपीय नीतीच्या इतिहासाचा त्यांनी उर्दूत अनुवाद केला. ऐन तारुण्यात मिल-स्पेन्सरच्या वाचनाने त्यांची श्रद्धा ढळली होती. या बाबतीत त्यांची व आगरकरांची वैचारिक सामग्री बरीचशी एक होती. पुढे दर्याबादी श्रद्धेकडे परतले. बौद्ध व हिंदू ग्रंथांच्या वाचनाने त्यांचा जडवाद सैल झाला, शिबलींच्या ‘सीरतुन्नबी’ने पैगंबरांच्या चारित्र्याविषयीचे त्यांचे आक्षेप दूर केले आणि मौलाना रूमींच्या ‘मस्नवी’चाही त्यांच्यावर प्रभाव पडला. एखाद्या प्रमेयाने ईश्वर सिद्ध झाला म्हणून ते परतले नाहीत. चारित्र्याच्या प्रत्ययाने त्यांना वाट दाखवली.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नीती मर्जीवर किंवा बहुमतावर अवलंबून नाही, हे फुले, रानडे, आगरकर आणि आंबेडकर या चौघांनाही मान्य होते. तेवढ्या मान्यतेवरून ईश्वराचे अस्तित्व आपोआप सिद्ध होत नाही, हेही त्यांच्यातील मतभेदांवरून दिसते. दुसरी, ईश्वरवादाचे बळ दुसऱ्या ठिकाणी आहे. चांगले काय हे कळल्यावरही, नुकसान सोसून आणि कोणी पाहत नसताना ते का करावे, या प्रश्नाला ‘जाब द्यावा लागेल’ हे त्याचे उत्तर आहे. बुद्धिवाद्यांना या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते. तिसरी, ईश्वराच्या नावाने अन्यायाचे समर्थन झाले की नीतीवर आधारलेला हा युक्तिवाद ऐकणाऱ्याच्या लेखी निकामी होतो, मग तो तर्काच्या दृष्टीने कितीही निर्दोष असो.

म्हणून सीमाभागातील अध्यापकांनी हा विषय शिकवताना निकाल आधी सांगू नये. फुल्यांचे चार धर्मांचे कुटुंब, आगरकरांचे जीवन, चांद्याची दीक्षा आणि दर्याबादींचा प्रवास ही चारही उदाहरणे विद्यार्थ्यांपुढे समान आदराने ठेवावीत. बौद्ध घरातल्या मुलाला आपली नीती उसनी वाटू नये आणि मुस्लिम घरातल्या मुलीला आपली श्रद्धा बुद्धीविरुद्ध वाटू नये, एवढे साधले तरी त्या तासाचे चीज होईल. ईश्वर आहे की नाही, याचा विचार विद्यार्थी पुढे आयुष्यभर करत राहतीलच. त्यासाठी लागणारी प्रामाणिकपणाची सवय मात्र त्यांना याच वर्गात लागली पाहिजे.