इंदूरचे खत आणि पेशीचे दार

इंदूरचे नाव जगभरच्या शेतीग्रंथांत ज्या कारणाने छापले गेले, त्याचा विषय आपल्या घरांत आता क्वचितच निघतो. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ साली तिच्यावरील ग्रंथ दोघांच्या नावे निघाला. हॉवर्ड यांचे नाव राहिले. वाड यांचे नाव मात्र आपणही विसरलो, ही खंत येथे नोंदवून ठेवतो.

माळव्यात पऱ्हाटी आणि तुराटी मुबलक, पण त्या लवकर कुजत नाहीत. संस्थेने त्या शेतातील रस्त्यांवर अंथरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ दिला. मग तो चुरा गुरांखाली अंथरून, शेण, मूत्र मुरलेली माती व थोडी राख यांसह उथळ खड्ड्यांत भरला. पाणी बेताचे, तीनदा उलथापालथ, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार!

या खटाटोपाचे मर्म सूक्ष्मजीवांच्या शरीररचनेत आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला तोंड नसते. जे काही आत जायचे ते पेशीपटलातूनच. सेल्युलोजचा अजस्र रेणू त्यातून शिरत नाही. म्हणून पेशी बाहेर विकरे सोडून त्याची शर्करा करतात. चुऱ्यामुळे या विकरांना पृष्ठभाग भरपूर मिळतो. शर्करा पाण्यात विरघळूनच पटलापाशी पोहोचते, म्हणून ओल हवी. पण पाणी साचले की प्राणवायू अडतो, कारण हवेपेक्षा पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पटल ओलांडताना मात्र प्राणवायूला अडचण नाही. शर्करेला प्रथिनांचे वाहक लागतात, आणि सगळे वाहक गुंतले की बाहेर कितीही शर्करा असली तरी वेग वाढत नाही. प्रथिनांना नत्र लागतो; तो शेणमूत्रातून मिळे. ऊब वाढली की ही ये-जा वेगावते, अतिउष्णतेत मात्र बहुतेक पेशी मरतात.

पेशीपटलाचे आज मान्य असलेले चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडले. वाड यांच्या हाती त्यापूर्वी चार दशके होते ते खड्डे, पृथक्करणाचे आकडे आणि गाडीवाट.