वतनाचे कागद

आपल्याकडे इतिहास लिहिताना घराण्यांच्या कागदपत्रांना मोठा मान दिला जातो. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत. पुढे 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सनदा, महजर, कर्जरोखे, वाटणीपत्रे यांच्या आधारे सरदार-देशमुखांची घराणी इतिहासात उभी राहिली. महारवाड्यातल्या घरातही दप्तर असू शकते, हे किती अभ्यासकांच्या मनात आले असेल?

आमच्या घरात ते होते. आजोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. घरातला पहिला पदवीधर मी, तेव्हा कागद वाचणे माझ्याच वाट्याला आले. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावचे हे कागद. वतनी जमिनीचा उतारा, जुडीच्या म्हणजे हलक्या साऱ्याच्या पावत्या, सावकाराची एक चिठ्ठी आणि घडी न मोडलेली एक सरकारी नोटीस.

उताऱ्यावर जमीन थोडी आणि भाऊबंदांची नावे पुष्कळ. तेवढ्या तुकड्यासाठी आमच्या माणसांनी काय केले? सरकारी टपाल वाहिले, खजिन्याची राखण केली, लोकांना चावडीवर बोलावून आणले, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावले. पाळी एकाची, राबणूक सगळ्या घराची. 1874 च्या वतन कायद्याने या गुलामीला कायद्याचे रूप दिले. जमीन आहे म्हणून गाव सोडवत नव्हते आणि गाव सुटत नव्हते म्हणून गुलामी सुटत नव्हती.

यातला विरोधाभास पाहा. गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. त्याच्या शब्दावर इतरांच्या जमिनीच्या हद्दी ठरत. त्याच्या स्वतःच्या कागदावर मात्र त्याचा शब्द नाही, फक्त अंगठा आहे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. 1928 साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. 16 डिसेंबर 1939 रोजी आपल्याच जिल्ह्यात, हरेगावला, महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतनी जमिनींवरील वाढीव आकारणीचा प्रश्न त्या परिषदेपुढे होता. ट्रंकेतल्या जुडीच्या पावत्या मी या परिषदेशेजारी ठेवून वाचतो, तेव्हा त्या केवळ आमच्या घरच्या राहत नाहीत.

शेवटी 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. 1 ऑगस्ट 1959 पासून तो अंमलात आला. जमीन सरकारजमा झाली. ठरावीक मुदतीत आकाराच्या पटीत कब्जाची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती परत मिळायची होती. न भरणारा आपल्याच रानात अनधिकृत ठरणार होता. वेठ गेली, हे या कायद्याचे यशच. परंतु अक्षरशून्य माणसाला मुदत कळणार कशी, याचे उत्तर त्या कायद्याजवळ नव्हते.

ट्रंकेतली नोटीस त्याच रकमेची होती. आकडा दोन अंकी. आजोबांनी ती जुडीची पावती समजून जपून ठेवली. शिक्का असलेला प्रत्येक कागद त्यांना सारखाच पवित्र होता. मुदत टळली. त्या रानात आज दुसऱ्याचा नांगर चालतो आणि आजोबा अखेरपर्यंत स्वतःला वतनदार म्हणवून घेत राहिले. विद्यार्थी असताना मला त्यांच्या या अभिमानाचा राग येई. आता वाटते, ज्याला दुसरे काहीच दिले गेले नाही, त्याने त्या शब्दाला तरी का सोडावे?

मित्रहो, अशा ट्रंका घरोघरी आहेत. त्यांना वाळवी लागते आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे, सुट्टीत घरी जाल तेव्हा त्या उघडा, कागद वाचा, त्यांच्या नकला करा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना ते मोठ्याने वाचून दाखवा. ती नोटीस मी वडिलांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एवढेच विचारले, "मुदत कधीपर्यंत होती?"