मैल संपतात तेथे

दोन देशांची सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काटेरी तार, आडवा दांडा आणि बंदूकधारी शिपाई उभा राहतो. आयर्लंडच्या बेटावर यांपैकी काहीच दिसावयाचे नाही. डब्लिनहून बेलफास्टकडे मोटारीने निघावे. न्यूरी गाव जवळ आले की रस्ता कोठेही न अडता आयरिश प्रजासत्ताकातून ब्रिटनच्या राज्यात शिरतो. प्रवाशाला पत्ता लागतो तो एवढ्यावरूनच की, रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, पाट्यांवरचे आयरिश शब्द नाहीसे होतात, आणि वेगमर्यादेच्या पाटीवर १०० किंवा १२० होते तेथे ६० किंवा ७० येतात. अलीकडचे आकडे किलोमीटरचे, पलीकडचे मैलांचे. हा फरक ध्यानात न घेता १०० चा आकडा मैलांचा समजणारा गृहस्थ ताशी १६० किलोमीटरने सुटावयाचा!

गंमत अशी की, एके काळी आयर्लंडचा स्वतःचा मैल होता. इंग्रजी मैल १७६० यार्डांचा, तर आयरिश मैल २२४० यार्डांचा. अकरा आयरिश मैल चालले की चौदा इंग्रजी मैल भरत. १८२४ साली ब्रिटिश पार्लमेंटने साऱ्या राज्याला एकच इंपीरियल माप लावून दिले, तरी जुन्या दगडांवर आणि लोकांच्या तोंडी आयरिश मैल पुष्कळ दिवस टिकून राहिला. मापे अशी सहजी मरत नाहीत. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण बोलताना दगड अजून मैलाचाच!

१९२१ साली बेटाची फाळणी झाली आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. १ एप्रिल १९२३ पासून सीमेवर जकातीच्या चौक्या बसल्या. पुढे १९७० नंतरच्या हिंसाचाराच्या काळात ब्रिटिश लष्कराने सीमेवरचे कितीतरी लहान रस्ते सुरुंग लावून उखडले, आणि आसपासच्या लोकांनी ते खड्डे पुन्हापुन्हा बुजवले. टेकड्यांवर टेहळणीचे मनोरे उभे राहिले. या साऱ्या काळात वेगमर्यादा मात्र दोन्हीकडे मैलांतच होती! सत्तरीच्या दशकापासून दक्षिणेत अंतराच्या नव्या पाट्या किलोमीटरच्या लागू लागल्या, म्हणजे तिकडचा मोटारवाला अंतर किलोमीटरमध्ये वाची आणि वेग मैलांत मोजी. हा दुटप्पी संसार वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला.

मग चौक्या उठल्या. १९९३ च्या आरंभी युरोपच्या एकत्रित बाजारपेठेने जकातीची नाकी निकामी केली. १९९८ च्या करारानंतर हळूहळू मनोरेही उतरले. आणि सीमा अशी पुसट होत असतानाच २० जानेवारी २००५ रोजी दक्षिणेने वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणली. ३० मैलांचे ५० किलोमीटर झाले, ७० चे १२०. गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर पूर्वी ६० मैलांची मुभा होती, तेथे ८० किलोमीटर, म्हणजे जेमतेम ५० मैल आले. मापाच्या बदलाआडून सरकारने मर्यादाही खाली आणली, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच केले.

उत्तरेने मैल सोडला नाही. तेथील सरकारने २०१२ साली काही सीमारस्त्यांवर ‘नॉर्दर्न आयर्लंडमध्ये स्वागत’ अशा पाट्या लावल्या, तर त्यांतल्या काही पळवल्या गेल्या, काहींवर रंग फासला गेला. त्या प्रदेशाला नाव कोणते द्यावे हाच जेथे वाद, तेथे स्वागत तरी कशाचे करणार? ‘वेगमर्यादा ताशी मैलांत’ असे सांगणारी पाटी कोणाच्या बापजाद्यांविषयी काही बोलत नाही. २०२० साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले तेव्हा चौक्या पुन्हा बसणार या धास्तीने सीमेवरची गावे हवालदिल झाली होती. पण त्या बसल्या नाहीत.

मोनॅहन आणि कॅव्हन ही दोन्ही गावे दक्षिणेतली. त्यांना जोडणारा रस्ता मात्र क्लोन्स गावाच्या पुढे अवघ्या काही मैलांत चारदा सीमा ओलांडतो. दक्षिणेत त्याचे नाव एन ५४, उत्तरेत ए ३. दोन्ही बाजूंना तशीच कुंपणे, तशीच हिरवी कुरणे. मोटारवाला किलोमीटरमधून मैलांत जातो, पुन्हा किलोमीटरमध्ये येतो, पुन्हा मैलांत, आणि पुन्हा किलोमीटरमध्ये. आणि एवढ्या वेळात त्याला गाडी एकदाही थांबवावी लागत नाही.