विद्युतवाहक रंग पातळ करणे

विद्युतवाहक रंग म्हणजे सुकल्यावर वीज वाहून नेणारा रंग. चांदी, निकेल, तांबे, ग्रॅफाइट किंवा काजळी यांची बारीक पूड, ती पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारे बाइंडर आणि दोन्हींना प्रवाही ठेवणारे द्रावक हे त्याचे तीन घटक. कागद, लाकूड, काच किंवा कापडावर या रंगाने वाटा काढल्या की तार आणि डागकाम न करता साधे सर्किट उभे राहते. डबीतला रंग मात्र बहुधा घट्ट असतो. बारीक रेघ, फवारा किंवा पेन यांसाठी तो पातळ करावा लागतो, आणि घरगुती सर्किटे फसतात ती बहुतेक याच पायरीवर.

रंगाने सर्किट काढण्याची कल्पना हौशी मंडळींची नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांसाठी लक्ष्याजवळ पोहोचताच उडणारा फ्यूज विकसित केला. त्यातील काही सर्किटे चिनी मातीसारख्या पट्टीवर चांदीचा लेप छापून आणि तो भट्टीत भाजून तयार केली जात. युद्धानंतर, १९४७ मध्ये, तिथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने क्लेडो ब्रुनेटी आणि रॉजर कर्टिस यांची छापील सर्किटांवरील पुस्तिका काढली. तिने रंग लावण्याच्या पद्धतीला मानाचे स्थान दिले होते : वाहक वाटांसाठी चांदी, रोधांसाठी कार्बन. कार्बनी रंगांचा वंश याहून जुना आहे. एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी टॅनिन वापरून ग्रॅफाइटची पूड पाण्यात तरंगत ठेवली. त्यातून आलेला ‘अ‍ॅक्वाडॅग’ पुढे दूरचित्रवाणीच्या चित्रनळीला आतून लावला जाऊ लागला. हौशी वापरासाठी पाण्यात मिसळणारा कार्बनी रंग अलीकडे लंडनच्या ‘बेअर कंडक्टिव्ह’ने लोकप्रिय केला.

पातळ केल्याने रंगातली वाहक पूड विरळ होते आणि म्हणून वीज अडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. ताकात घातलेले पाणी ताकातच राहते. रंगात घातलेले पाणी सुकताना उडून जाते. मागे उरलेल्या थरात पूड आणि बाइंडर यांचे परस्पर प्रमाण होते तेच राहते. वीज वाहते ती एकमेकांना टेकलेल्या कणांच्या साखळ्यांतून. अशा साखळ्या थराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळण्यासाठी सुकलेल्या थरात पुडीचा किमान वाटा असावा लागतो. गोल कणांसाठी तो आकारमानाने सुमारे १६ टक्के धरतात. चपट्या पाकळ्या आणि काजळीच्या लांबट पुंजक्यांना त्याहून कमी पुरतो. हा वाटा द्रावकाने घटत नाही, जास्तीच्या बाइंडरने घटतो. म्हणूनच पाण्याऐवजी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद किंवा अ‍ॅक्रिलिक माध्यम घालून रंग ‘वाढवणे’ ही खरी घोडचूक. रेघ छान चिकटते, चकाकतेही, पण मीटर हलत नाही.

द्रावकाने नुकसान होते ते जाडीचे. पातळ थराचा रोध मोजताना चौरसाचे माप वापरतात. थराचा लांबी-रुंदी सारखी असलेला कोणताही चौरस तुकडा घेतला, तर समोरासमोरच्या दोन कडांमधील रोध तुकड्याच्या आकारावर अवलंबून नसतो, तो जाडीवर ठरतो. वर उल्लेखलेल्या लंडनच्या रंगासाठी निर्मात्याचा आकडा ५० मायक्रॉन जाडीला प्रति चौरस ५५ ओहम असा आहे. ५ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब वाटेत असे २० चौरस बसतात, म्हणजे रोध सुमारे १,१०० ओहम. ९ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडीतून साधारण ६ मिलिअँपिअर प्रवाह जाईल आणि दिवा नीट लागेल. तोच रंग समभाग पाणी घालून तेवढ्याच ओल्या जाडीने लावला तर सुकलेला थर निम्मा उरतो. रोध दुप्पट होतो, प्रवाह निम्म्यावर येतो. दिवा तरीही लागेल. पण ३ व्होल्टच्या बटण-सेलवर याच वाटेने तो जेमतेम मिणमिणेल. उपाय दोन : वाट रुंद करणे, किंवा एक हात पूर्ण सुकल्यावर दुसरा देणे. ओल्यावर ओला हात दिल्यास खालचा थर उचलला जातो.

दुसरे नुकसान तळाशी बसण्याचे. चांदीची घनता पाण्याच्या साडेदहा पट, ग्रॅफाइटची सव्वादोन पट. घट्ट रंगात हे कण अडकून राहतात, पातळ रंगात भराभर खाली जातात आणि कुंचल्यावर वरचे निवळ बाइंडर येते. पहिली रेघ चालते आणि दहावी चालत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असते. फार पातळ रेघेत आणखी एक खोड दिसते : सुकताना द्रव कडांकडे ओढला जातो, कण तिकडे साचतात आणि मध्य उघडा पडतो.

यासाठी आधी नुसते ढवळावे. असे बरेच रंग स्थिर असताना गोठल्यासारखे दिसतात आणि घोटल्यावर सैल होतात. कित्येकदा पाण्याची गरजच उरत नाही. लागलेच तर थेंबाथेंबाने, दर वेळी नीट मिसळून घालावे. जाळीतून छापायला रंग घट्टच हवा, कुंचल्याला किंचित सैल चालतो, फवाऱ्याला सर्वांत पातळ लागतो. द्रावक मात्र रंगाच्या जातीचेच हवे. पाण्याच्या कार्बनी रंगाला उकळून गार केलेल्यापेक्षा डिस्टिल्ड पाणी बरे : बोअरच्या क्षारट पाण्यातील क्षार उकळल्याने पुरते जात नाहीत, आणि त्यांच्यामुळे तरंगते कण गोळा होऊन रवाळपणा येऊ शकतो. लॅकर जातीच्या चांदीच्या रंगाला अ‍ॅसिटोन किंवा ब्यूटाइल अ‍ॅसिटेट लागते, पण ते डबीवर सांगितलेलेच घ्यावे. परके थिनर बाइंडर फाडते. ही द्रावके पटकन पेट घेतात, तेव्हा काम शेगडीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून करावे. दोन भागांच्या इपॉक्सीत थिनर घालूच नये : ते घट्ट होत चाललेल्या थरात अडकते आणि जोड कच्चा राहतो.

चाचणी मुख्य कागदावर न करता त्याच कागदाच्या तुकड्यावर ठराविक लांबी-रुंदीची पट्टी काढून करतात. ओल्या पट्टीवरचा मीटरचा आकडा निरर्थक असतो. द्रावक उडत जाते तसे कण जवळ येतात आणि रोध उतरत जातो, म्हणून तो स्थिरावेपर्यंत थांबावे. कार्बनी वाटेवर डाग धरत नाही. तिथे एलईडीचे पाय त्याच रंगाच्या थेंबाने चिकटवतात, आणि त्या थेंबासाठी रंग पातळ न केलेलाच घेतात.