मताचे बक्षीस

पहिल्या महायुद्धात स्त्रियांनी कारखाने सांभाळले, म्हणून ब्रिटनने त्यांना मताधिकार बक्षीस दिला, असे आम्ही शाळेत शिकलो. परीक्षेत तेच लिहून मी गुणही मिळवले. पुढे ६ फेब्रुवारी १९१८ च्या त्या कायद्यातील अटी वाचनात आल्या आणि मन खट्टू झाले.

१९१४ मध्ये युद्ध पेटताच एमेलिन पँकहर्स्ट यांनी मताधिकाराचा लढा थांबवून सरकारला साथ दिली. त्यांचीच कन्या सिल्व्हिया मात्र युद्धाविरुद्ध उभी राहिली. इकडे दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो बायका राबत होत्या. टी.एन.टी. हाताळून कातडी पिवळी पडे, म्हणून लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत, त्या पिवळ्या पाखराच्या नावाने. (माणसाला थट्टा कशाचीही सुचते!) काही जणी विषबाधेने गेल्या, काही स्फोटांत. त्यांत पुष्कळशा विशीतल्या पोरी.

आणि मत कोणाला मिळाले? तिशी गाठलेल्या, शिवाय स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावावर घरादाराची अट पुरी करणाऱ्या सुमारे ८४ लाख स्त्रियांना. पुरुषाला एकविसावे वर्ष पुरे होते. युद्धावरच्या सैनिकाला तर एकोणिसावे. रणात इतके पुरुष पडले होते की, वय सारखे ठेवले असते तर मतदारांत बायकाच अधिक भरल्या असत्या. ही धास्ती काही लपून राहिली नव्हती. मग याला बक्षीस कसे म्हणावे?

समान मताधिकार आला १९२८ मध्ये. तोवर त्या पिवळ्या हातांच्या पुष्कळ पोरींची तिशी उलटून गेली होती.