क्रमांकाची खुर्ची, नावाची खुर्ची

मराठीच्या वर्गात 'आधुनिकतावाद' हा शब्द उच्चारला की चर्चा साहजिकच मर्ढेकर, नवकाव्य आणि नवकथा यांच्यापाशी येऊन थांबते. परंतु आधुनिकतावाद ही केवळ वाङ्मयीन घटना नव्हती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात युरोपात ती माणसाच्या बसण्याउठण्यापर्यंत पोहोचली होती. साहित्यकृतीचा कर्ता, तिचे रूप आणि तिचा वाचक यांविषयी आपण जे प्रश्न विचारतो, ते एका साध्या खुर्चीलाही विचारता येतात. तिची उत्तरे, आम्हांला वाटते, विचारात पाडणारी आहेत.

या इतिहासाचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. मिखाएल थोनेट या कारागिराने बीचचे लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवण्याची पद्धत सिद्ध केली आणि १८५९ साली त्याच्या कारखान्याची 'क्रमांक १४' ही खुर्ची बाजारात आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुटे भाग केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि जगभर रवाना होत. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच कुळातल्या. त्यांवर बसून ब्रूनमस्का खाणाऱ्या कोणालाही थोनेट हे नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही. खुर्चीला क्रमांक होता, तेवढा पुरेसा होता.

आधुनिकतावाद्यांना हीच अनामिकता मोहवीत होती. १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ल कार्बुझिएने आपल्या दालनात मुद्दाम थोनेटच्या खुर्च्या मांडल्या. त्याच वर्षी जर्मनीत 'बाउहाउस' या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर हा तेवीस वर्षांचा तरुण सायकलच्या वाकवलेल्या हँडलकडे पाहून पोलादी नळीची खुर्ची घडवीत होता. वाल्टर ग्रोपिअसने १९१९ मध्ये वायमार येथे स्थापन केलेली ही शाळा तेव्हा डेसाऊला आली होती. नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती १९३३ मध्ये बंद झाली. कोरीवकाम, नक्षी, जाड गाद्या हे सारे टाकून द्यायचे, यंत्राला जमेल असे रूप शोधायचे आणि चांगली वस्तू सामान्य माणसाच्या घरात पोहोचवायची, हे त्या पिढीचे स्वप्न होते. ब्रॉयरच्या खुर्चीलाही तेव्हा 'बी ३' हा क्रमांकच होता. चित्रकार वासिली कांडिन्स्की याच्यावरून 'वासिली' हे नाव तिला १९६० च्या दशकात, इटलीत तिचे पुन्हा उत्पादन सुरू झाल्यावर मिळाले.

क्रमांकाकडून नावाकडे झालेला हा प्रवास आम्हांला महत्त्वाचा वाटतो. मागचे पाय नसलेली, नळीच्या एका सलग रेषेवर तोललेली खुर्ची मूळ कोणाची, हा वाद जर्मनीत न्यायालयात गेला आणि १९३२ साली त्या रूपाचा कलात्मक हक्क मार्ट स्टाम या डच वास्तुकाराला मिळाला. सर्वांसाठी म्हणून निघालेल्या वस्तूला कायद्याने कर्ता मिळाला. कर्ता आला की कोणाचे तरी नाव मागे पडते. ल कार्बुझिएच्या कार्यालयात १९२७ मध्ये आलेल्या शार्लोट पेरिआँचा तिथल्या फर्निचरमध्ये मोठा वाटा होता. १९२९ मध्ये ते फर्निचर तिच्या, ल कार्बुझिएच्या आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याच्या नावाने मांडले गेले. पण लोकांच्या स्मरणात ते दीर्घकाळ एकट्या ल कार्बुझिएचे राहिले.

हाच पिएर जानरे १९५१ साली नव्या राजधानीच्या उभारणीसाठी चंदीगडला आला आणि १९६५ पर्यंत तेथेच राहिला. मृत्यूनंतर त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थी तेथील सुखना तलावात विसर्जित केल्या गेल्या. सरकारी कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये यांना हजारो खुर्च्या-टेबले हवी होती. पोलादी नळी महाग होती. सागवान, वेत आणि सुतार जवळ होते. म्हणून आधुनिकतावादाने येथे आपले साहित्य बदलले. कंपासासारखे फाकलेले पाय आणि वेताने विणलेली पाठ असलेल्या त्या खुर्च्या जानरे आणि युली चौधरींसारखे त्याचे भारतीय सहकारी यांनी मिळून आखल्या. निरनिराळ्या कारखान्यांतील सुतारांनी त्या घडवल्या, त्यामुळे एकाच आराखड्याच्या दोन खुर्च्या हुबेहूब सारख्या नसत. हात ओळखू येतात, नावे मात्र बहुतेक हरवली आहेत.

पुढे वेत तुटला, सांधे हलले, आणि या खुर्च्या गच्चीवर ढिगाने पडल्या किंवा भंगार म्हणून कवडीमोलाने विकल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना हजारो डॉलरची बोली लागू लागली. कारकुनाने नोंदवहीसाठी खुर्चीवर रंगवलेला खात्याचा क्रमांक आता तिच्या अस्सलपणाचा दाखला ठरला. एमी सीगल या कलावतीने 'प्रॉव्हेनन्स' (२०१३) या चित्रपटात हा प्रवास उलट्या क्रमाने, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांपासून चंदीगडपर्यंत, दाखवला आहे. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वस्तूंची विक्री व निर्यात रोखण्याचा आदेश काढला. पण १९७२ च्या कायद्यानुसार 'पुरावस्तू' ठरण्यास अशी वस्तू निदान १०० वर्षांची असावी लागते, त्यामुळे बाहेर गेलेल्या खुर्च्या परत मागणे कठीण झाले.

याला केवळ बाजाराची करामत म्हणून सोडून देता येणार नाही. अलंकार टाकून दिला की वस्तू सर्वांची होईल, ही आधुनिकतावाद्यांची श्रद्धा होती. प्रत्यक्षात साधेपणा हाच नवा अलंकार झाला आणि तो जाणण्यासाठी शिकलेली नजर लागू लागली. आपल्या नवकवितेच्या वाट्यालाही काहीसे असेच आले. बोलीतले, यंत्रयुगातले शब्द घेऊन आलेली ही कविता अभ्यासक्रमात स्थिरावली, पण ज्यांच्या जगण्यातून ते शब्द आले होते त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत पोहोचली? तेव्हा रूपाची चिकित्सा करताना आपण कर्त्याबरोबरच ती वस्तू घडवणाऱ्याचा आणि वापरणाऱ्याचाही शोध घेतला पाहिजे. चंदीगडच्या खुर्चीचा इतिहास लिहायचा तर जानरेइतकाच तिचा वेत विणणारा आणि तिच्यावर बसून निवृत्तीपर्यंत फायली निकाली काढणारा कारकून त्यात यायला हवा.